हार्ट्स ऑफ आयर्न ४ शिकताना: आधी रसद, मग रणगाडे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: 'हार्ट्स ऑफ आयर्न ४' हा दुसऱ्या महायुद्धावरचा, संगणकावर खेळायचा डावपेचांचा खेळ घेतल्यावर पहिल्याच डावात आपण जर्मनी निवडला, पोलंड आणि फ्रान्स कसेबसे जिंकले, पण १९४१ च्या उन्हाळ्यात सोव्हिएत संघावर चाल केल्यावर स्मोलेन्स्कच्या आसपास सगळी आघाडी थंडावली. रणगाड्यांच्या डिव्हिजन जागच्या हलेनात, पायदळ रोज झिजत गेले आणि हिवाळ्यात रशियन सैन्याने आपल्याला पोलंडपर्यंत मागे रेटले. व्हिडिओंत दाखवलेल्या डिव्हिजनच्या रचना जशाच्या तशा उतरवून घेऊनही असे का झाले, खेळ शिकण्याचा योग्य क्रम कोणता, कोणत्या डीएलसी (मूळ खेळाला जोडून विकत मिळणारे विस्तार) घ्याव्यात आणि ब्रिटिश राज, म्हणजे खेळातला ब्रिटिश अमलाखालचा हिंदुस्थान, घेऊन कधी खेळावे, असे आपण विचारले आहे.

हा खेळ आला तेव्हापासून मी तो खेळत आहे आणि अनेक नवख्या खेळाडूंना शिकवतही आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की आपल्या डिव्हिजनच्या रचनेत फारसे काही चुकलेले नसावे. नवखा खेळाडू रशियात अडकतो तेव्हा बहुतेक वेळा त्याची फौज दुबळी नसते. त्या फौजेला लागणारे सामान तिच्यापर्यंत पोहोचलेले नसते. बाहेरून हा खेळ नकाशावर बाण ओढण्याचा वाटतो, कारण बाणच सर्वांत आधी डोळ्यांत भरतात. त्याचा खरा गाभा कारखाना, कोठार आणि रेल्वे यांत आहे, आणि तिथून सुरुवात करून आघाडीपर्यंत येणाऱ्याला तो लवकर समजतो.

स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स डेव्हलपमेंट स्टुडिओने हा खेळ ६ जून २०१६ रोजी प्रसिद्ध केला; नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त फौजा उतरल्या तीच ही तारीख. डाव १ जानेवारी १९३६ किंवा १४ ऑगस्ट १९३९ पासून सुरू करता येतो. शिकणाऱ्याने १९३६ च घ्यावे, कारण १९३९ च्या डावात दुसऱ्या कोणीतरी बांधलेले कारखाने आणि उभी केलेली फौज आपल्या हाती येते, आणि ती तशी का आहे हे कळण्याआधीच युद्ध पेटते. खेळातला काळ तासातासाने पुढे सरकतो आणि स्पेसबार दाबून तो केव्हाही थांबवता येतो. काळ थांबवण्यात कमीपणा मानू नये. मुरलेले खेळाडूही मोठ्या हल्ल्याच्या दिवशी वरचेवर काळ थांबवूनच हुकूम देतात.

सारा खेळ समजून घ्यायचा असेल तर एका बंदुकीचा प्रवास डोळ्यांसमोर आणावा. खाणीतून पोलाद येते. कमी पडले तर ते दुसऱ्या देशाकडून आणावे लागते आणि त्याच्या मोबदल्यात आपले नागरी कारखाने काही काळ त्या देशासाठी राबतात. पोलादापासून लष्करी कारखाना बंदूक बनवतो. बंदूक कोठारात जाते. कोठारातून राजधानीपासून निघालेल्या रेल्वेने ती एखाद्या रसद केंद्रावर पोहोचते, तिथून घोडागाडी किंवा ट्रकने डिव्हिजनपर्यंत जाते आणि मगच लढाईत डिव्हिजनच्या माऱ्याचा आकडा वाढतो. या साखळीतला एक दुवा निखळला की पुढचे सर्व दुवे निरुपयोगी होतात. आपला हल्ला का फसला, या प्रश्नाचे उत्तर नेहमी याच साखळीत मागे मागे जात शोधायचे असते.

डाव सुरू करताना काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. इतर देशांनी ऐतिहासिक मार्गाने वागावे हा पर्याय चालू ठेवावा; म्हणजे कोणते युद्ध साधारण केव्हा होणार हे ठाऊक असते आणि तयारीचा हिशेब मांडता येतो. आयर्नमॅन, म्हणजे डाव मागे नेऊन पुन्हा खेळू न देणारा पर्याय, बंद ठेवावा आणि प्रत्येक युद्धाच्या आदल्या दिवशी डाव वेगळ्या नावाने सेव्ह करावा. आयर्नमॅन बंद असला की कन्सोल, म्हणजे खेळाला टंकून हुकूम देण्याची खिडकी, तीही उघडता येते, आणि तिच्यातला टॅग हा हुकूम शिकणाऱ्याला फार मोलाचा आहे. टॅग लिहून पुढे देशाची तीन अक्षरी खूण दिली की आपण त्या देशाच्या खुर्चीत बसतो. फ्रान्सवरचा हल्ला अडला असेल तर काळ थांबवून फ्रान्सच्या बाजूला जावे, त्याची कोठारे, विमाने आणि राखीव फौज पाहावी आणि परत यावे. जिंकण्यासाठी हा हुकूम वापरू नये हे खरे, पण शिकण्यासाठी जरूर वापरावा.

पहिला डाव इटलीचा असावा. १ जानेवारी १९३६ रोजी इटली आणि इथिओपिया यांचे युद्ध आधीच चालू असते; प्रत्यक्षातही ते ऑक्टोबर १९३५ मध्ये सुरू झाले होते आणि ५ मे १९३६ रोजी इटालियन फौजा अदिस अबाबात शिरल्या. हे युद्ध छोटे आहे, शत्रूकडे रणगाडे आणि विमाने जवळजवळ नाहीत, आणि तरीही ते सोपे जात नाही. म्हणून शिकायला ते उत्तम आहे. इटलीची फौज दोन बाजूंनी उभी असते, उत्तरेला इरिट्रियात आणि दक्षिणेला सोमालियात. दोन्हीकडची रसद इटलीहून सुएझमार्गे जहाजांनी येते, मसावा आणि मोगादिशू यांसारख्या बंदरांवर उतरते आणि तिथून पुढे कच्च्या रस्त्यांनी डोंगरात चढते.

इथे एक प्रयोग मुद्दाम करावा. उत्तरेकडच्या आघाडीवर शक्य तेवढ्या डिव्हिजन नेऊन ठेवाव्यात आणि रसदीचा नकाशा उघडावा. काही दिवसांतच त्या भागाचा रंग बिघडू लागतो, डिव्हिजनांवर रसदतुटवड्याची खूण उमटते आणि संख्येने मोठी झालेली फौज पूर्वीपेक्षा कमी जोराने लढते. मग त्यांतल्या निम्म्या डिव्हिजन मागे बंदराकडे घ्याव्यात आणि तोच हल्ला पुन्हा करून पाहावा. बंदराची पातळी जेवढी असेल तेवढाच माल तिथे उतरतो. त्यामुळे बंदर एकदोन पातळ्यांनी वाढवले, तर पाच नव्या डिव्हिजनांनी होणार नाही असा फरक पडतो. रशियात आपल्याला जो अनुभव आला तोच इथे छोट्या प्रमाणावर, एका पडद्यावर मावेल एवढा दिसतो.

या पर्वतप्रदेशाचा मराठी वाचकाशी एक जवळचा संबंध आहे. पाच वर्षांनी, १९४१ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये, इरिट्रियातल्याच केरेनच्या डोंगरांवर इटालियन सैन्य ठाण मांडून बसले होते आणि ब्रिटिश व भारतीय फौजांना तिथली खिंड घ्यायला जवळजवळ दोन महिने लागले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी त्या चढाईत होत्या. खेळात पर्वतावर चढून हल्ला करणाऱ्याच्या माऱ्यात मोठी कपात होते, ती ज्यांना अवाजवी वाटते त्यांनी केरेनविषयी जरूर वाचावे. इथिओपियाच्या युद्धात इटलीने मस्टर्ड वायू वापरला होता, हेही विसरू नये. खेळाचा नकाशा अशा गोष्टी दाखवत नाही, म्हणून खेळताना सोबत इतिहासाचे वाचन असणे मला आवश्यक वाटते.

आता कारखान्यांकडे वळतो, कारण आपल्या डावाची कोंडी १९४१ च्या बरीच आधी, बहुधा १९३७-३८ मध्ये सुरू झाली असणार. कारखाने तीन प्रकारचे असतात: नागरी कारखाने बांधकाम आणि व्यापार चालवतात, लष्करी कारखाने शस्त्रे बनवतात आणि गोद्या जहाजे बांधतात. जर्मनीसारख्या देशाने पहिली दीड-दोन वर्षे नागरी कारखाने वाढवावेत आणि मग लष्करी कारखान्यांकडे वळावे, हा सल्ला सर्वत्र मिळतो आणि तो बरोबरच आहे. नवखा खेळाडू अडखळतो तो त्याच्या पुढच्या पायरीवर. बारा प्रकारची शस्त्रे बारा ओळींत, प्रत्येकी दोन-तीन कारखाने देऊन, तो बनवू लागतो आणि दर काही महिन्यांनी नवे मॉडेल आले की ओळ बदलतो.

उत्पादनाच्या प्रत्येक ओळीला कार्यक्षमता असते. नवी ओळ सुमारे १० टक्क्यांवर सुरू होते, हळूहळू चढते आणि सुरुवातीच्या काळात ५० टक्क्यांवर थांबते. यंत्रसामग्रीचे संशोधन केल्यावर ही मर्यादा वाढते. आता हिशेब पाहा. एका लष्करी कारखान्याची पूर्ण ताकद दिवसाला उत्पादनाची ४.५ एकके आहे, आणि १९३६ च्या पायदळी शस्त्राचा एक नग सुमारे अर्ध्या एककात बनतो. कायदे आणि सल्लागार यांचा परिणाम तूर्त बाजूला ठेवला, तर १० टक्के कार्यक्षमतेवर एक कारखाना दिवसाला एक नगही पुरा करत नाही, आणि ५० टक्क्यांवर तोच कारखाना साडेचार नग देतो. पायदळाच्या एका पलटणीला १,००० माणसे आणि १०० नग लागतात. नऊ पलटणींची डिव्हिजन धरली तर ९०० नग झाले, साहाय्यक तुकड्यांचे वेगळे. अशा २४ डिव्हिजन उभ्या करायच्या तर २१,६०० नग लागतील, आणि ५० टक्क्यांवर चालणाऱ्या वीस कारखान्यांना ते बनवायला आठ महिने लागतील. ही झाली फक्त पहिली भरती. युद्ध सुरू झाले की रोजची झीज त्याच कोठारातून भरून काढावी लागते.

आवृत्तीगणिक हे आकडे थोडेफार मागेपुढे होतात, पण हिशेबाची पद्धत तीच राहते. डिव्हिजनची रचना ठरवण्याआधी हा हिशेब कागदावर मांडावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. व्हिडिओतली रचना ज्या खेळाडूची असते त्याच्याकडे ती भरण्याएवढे कारखानेही असतात. आपण रचना उतरवून घेतो, त्यामागचे कारखाने उतरवून घेता येत नाहीत. परिणामी कागदावर भक्कम दिसणारी रणगाड्यांची डिव्हिजन प्रत्यक्षात निम्म्याच रणगाड्यांनिशी आघाडीवर उभी असते. साठ्याच्या पडद्यावर कोणत्या शस्त्राचा आकडा लाल आहे, हे खेळातल्या प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला पाहण्याची सवय लावून घ्यावी. आकडा लाल असेल तर नवी डिव्हिजन उभी करू नये.

म्हणून सुरुवातीला मोजक्याच ओळी ठेवाव्यात: पायदळाची शस्त्रे, तोफा, साहाय्यक साहित्य, ट्रक, आगगाड्या, एक लढाऊ विमान, एक जवळून मारा करणारे विमान आणि एकाच प्रकारचा रणगाडा. यांतल्या ट्रक आणि आगगाड्यांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि रशियात त्याचीच किंमत मोजावी लागते. त्याविषयी पुढे लिहितो.

डिव्हिजनची रचना हा विषय जेवढा गाजतो तेवढा अवघड नाही. बचावासाठी नऊ पलटणींचे पायदळ, सोबत इंजिनिअर आणि तोफखान्याची साहाय्यक तुकडी, एवढे बराच काळ पुरते. त्यापेक्षा लढाई कशी मोजली जाते हे समजून घेणे अधिक उपयोगाचे. हल्ला करणाऱ्याच्या माऱ्याचा जेवढा भाग बचाव करणाऱ्याच्या बचावाच्या आकड्यात सामावतो, त्यातले साधारण १० टक्केच वार लागतात. बचाव अपुरा पडल्यावर जे वार शिल्लक राहतात त्यांतले ४० टक्के लागतात. म्हणजे शत्रूचा बचाव ओलांडणारा प्रत्येक वार आधीच्या वाराच्या चौपट परिणामकारक ठरतो. आपली ताकद दहा ठिकाणी थोडी थोडी लावली तर सगळे वार बचावात विरतात. तीच ताकद एका ठिकाणी लावली तर समोरची डिव्हिजन काही तासांत कोलमडते. मुसंडी एका जागी का मारायची याचे खेळातले कारण इतके साधे, गणिती आहे. एकाच ठिकाणावर दोन-तीन बाजूंनी चाल केल्यास लढाईची रुंदीही वाढते आणि अधिक डिव्हिजन एकाच वेळी भिडू शकतात.

हल्ला करणाऱ्या बाजूला बचावाच्या जागी भेदक्षमतेचा आकडा लागू होतो. तो पायदळाचा तोकडा आणि रणगाड्यांचा मोठा असतो, म्हणून पायदळाने केलेला हल्ला महाग पडतो. मात्र रणगाड्यांच्या पलटणींत संघटनशक्ती कमी असते आणि ती संपली की डिव्हिजन कितीही बलवान असली तरी लढाई सोडून मागे येते. म्हणून त्यांच्यासोबत ट्रकवरचे पायदळ मिसळायचे. एवढे कळले की कोणाचीही रचना पाहून ती तशी का केली आहे हे आपल्याला ओळखता येईल आणि आपल्या कारखान्यांना झेपेल तशी ती बदलताही येईल.

लढाई चालू असताना तिचे चिन्ह दाबून खिडकी उघडावी आणि प्रत्येक आकड्यावर कर्सर ठेवून तिथे उमटणारी माहिती (टूलटिप) वाचावी. हे काम कंटाळवाणे वाटते, पण यासारखा दुसरा शिक्षक नाही. माऱ्यातली कपात कशामुळे झाली ते तिथे ओळीने दिलेले असते: नदी ओलांडून हल्ला, डोंगर, रात्र, शत्रूची विमाने, आणि रसदतुटवडा. ज्या ओळीत सर्वांत मोठी वजाबाकी दिसते तिथे आपला दोष असतो. नदी दिसली तर दुसऱ्या बाजूने रस्ता शोधावा, विमाने दिसली तर तिथे लढाऊ विमाने पाठवावीत, रसद दिसली तर हल्ला थांबवावा. हरलेल्या प्रत्येक लढाईत एवढे वाचले तर तयार रचनांची गरज आपोआप कमी होते.

इटलीनंतर पुन्हा जर्मनी घ्यावा, पण डाव १९४० च्या जूनमध्ये थांबवायचा असे ठरवूनच. उद्दिष्ट एकच ठेवावे: फ्रान्सला वेढा घालून हरवणे. प्रत्यक्षात जर्मन फौजा १३ मे १९४० रोजी सेदानपाशी म्यूज नदी ओलांडून गेल्या आणि २० मे रोजी अब्बेव्हिलपर्यंत, म्हणजे इंग्लिश खाडीच्या तोंडाशी पोहोचल्या. बेल्जियममध्ये पुढे गेलेले दोस्त सैन्य त्यामुळे मागून तुटले. खेळातही पायदळासाठी आघाडी आखावी, हल्ल्याची रेषा ओढून काही आठवडे थांबावे म्हणजे नियोजनाचा वाढीव फायदा जमा होतो, आणि रणगाड्यांच्या डिव्हिजन मात्र स्वतः, एकेक हुकूम देऊन चालवाव्यात. सगळेच यंत्रणेवर सोपवले तर रणगाडेही पायदळासारखे आघाडीभर पसरतात आणि त्यांना बाळगण्याचा हेतूच नाहीसा होतो. वेढ्यात सापडलेल्या डिव्हिजनला माघारीची वाट नसते. ती हरली की शस्त्रांसह नष्ट होते. मागे रेटलेली डिव्हिजन मात्र दोन आठवड्यांत पुन्हा उभी राहते. आपण पुढे सरकलो किती यापेक्षा वेढ्यात किती डिव्हिजन संपवल्या, यावर लक्ष ठेवावे.

आता आपल्या मूळ अडचणीकडे येतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'नो स्टेप बॅक' या डीएलसीसोबत जो पॅच (खेळात बदल करणारी नवी आवृत्ती) आला त्याने रसदीची व्यवस्था मुळापासून बदलली, आणि तो पॅच सर्वांसाठी विनामूल्य असल्याने आपल्याही डावात हीच व्यवस्था चालते. जुने व्हिडिओ पाहून खेळणाऱ्यांची फसगत इथेच होते. आता रसद राजधानीतून रेल्वेने निघते. रेल्वेला एक ते पाच अशा पातळ्या असतात, आणि संपूर्ण मार्गात सर्वांत खालच्या पातळीचा जो तुकडा असेल तेवढीच रसद त्या मार्गाने जाते. बर्लिनपासून वॉर्सापर्यंत रूळ उत्तम असले आणि पुढे मिन्स्कपर्यंत एकच तुकडा पहिल्या पातळीचा राहिला, तर स्मोलेन्स्कच्या फौजेला पहिल्या पातळीचीच रसद मिळते. रुळांवर धावायला आगगाड्या लागतात, आणि त्या लष्करी कारखान्यांतच बनवाव्या लागतात. रसद केंद्राच्या पुढचा प्रवास घोड्यांवर होतो. केंद्राला ट्रक दिले की त्याची पोहोच वाढते, पण ते ट्रक कोठारात असावे लागतात.

हे सर्व इतिहासाला धरूनच आहे. सोव्हिएत रुळांची रुंदी १,५२४ मिलिमीटर होती आणि जर्मन रुळांची १,४३५, त्यामुळे जिंकलेला प्रत्येक मार्ग बदलून घेतल्याशिवाय जर्मन गाड्या त्यावरून धावू शकत नव्हत्या. यांत्रिक युद्धासाठी नावाजलेल्या त्या सैन्याने सहा लाखांहून अधिक घोडे रशियात नेले होते. जुलै १९४१ च्या अखेरीस मध्य आघाडी स्मोलेन्स्कच्या पुढे थबकली, त्यामागे सोव्हिएत प्रतिहल्ल्यांइतकाच रसदीच्या ओढाताणीचाही हात होता. आपणही नेमके त्याच शहरापाशी थबकलात हा योगायोग नव्हे. खेळाच्या नकाशावर तेच अंतर आणि तेच विरळ रूळ मांडलेले आहेत.

म्हणून पुढच्या वेळी २२ जून १९४१ च्या, म्हणजे सोव्हिएत संघावरच्या हल्ल्याच्या, किमान एक वर्ष आधी, फ्रान्स पडल्याबरोबर, नागरी कारखाने पोलंडमधल्या रेल्वेवर लावावेत आणि सीमेपर्यंतचे सगळे मार्ग वरच्या पातळीवर आणावेत. सीमेला लागून रसद केंद्रे नसतील तर बांधावीत. आगगाड्या आणि ट्रक यांचा साठा युद्धापूर्वीच मोठा करून ठेवावा. हल्ला सुरू झाल्यावर लक्ष्य म्हणून शहराकडे न पाहता रसद केंद्राकडे पाहावे: एक केंद्र घ्यायचे, त्याच्या आजूबाजूचा वेढा पूर्ण करायचा, मागचे रूळ आपल्या वापरात येईपर्यंत थांबायचे आणि मग पुढच्या केंद्राकडे निघायचे. थांबण्याचे ते दिवस वाया जात नाहीत. त्या काळात संघटनशक्ती भरून येते, नियोजनाचा फायदा पुन्हा जमतो आणि कोठारातली शस्त्रे आघाडीवर पोहोचतात. आघाडी पूर्वेकडे जाताना रुंदावत जाते, म्हणून तिथे फौज वाढवण्याचा मोह होतो, पण मध्यभागी जेवढ्या डिव्हिजन रसदीत मावतात तेवढ्याच ठेवाव्यात आणि उरलेल्या दक्षिणेला युक्रेनमध्ये पाठवाव्यात. ऑक्टोबरच्या सुमारास चिखल सुरू झाला की हल्ले आवरते घ्यावेत. त्या सुमारास आपण नीपर नदीच्या पलीकडे, भरलेल्या डिव्हिजनांसह आणि शाबूत रुळांसह उभे असाल, तर मॉस्को पुढच्या उन्हाळ्यात घेता येते. १९४१ मध्येच घ्यायला हवे असे खेळात कुठेही म्हटलेले नाही.

विमानांविषयी एवढे पुरे, की विमानतळाची प्रत्येक पातळी २०० विमाने सामावते आणि विमानाचा पल्ला त्या हवाई क्षेत्राचा जेवढा भाग झाकतो तेवढेच ते उपयोगी पडते. फौज पुढे सरकली की विमानतळही पुढे सरकवावे लागतात, आणि नवखे खेळाडू हेच विसरतात. त्यांची विमाने पोलंडमधून स्मोलेन्स्ककडे पाहत राहतात. आरमाराचा भाग तूर्त बाजूला ठेवावा. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे आणि जर्मनी किंवा इटलीच्या पहिल्या डावांत तो न शिकताही पुष्कळ काही साधते. जपान किंवा ब्रिटन घ्याल तेव्हा तो टाळता येणार नाही.

ब्रिटिश राजविषयी आपली उत्सुकता समजण्यासारखी आहे. आपल्याकडचे बरेच खेळाडू पहिल्याच दिवशी नकाशावर मुंबई शोधतात आणि राज निवडतात. मी सांगेन, की इटली आणि जर्मनीनंतर तिसरा डाव राजचा घ्यावा. त्या देशाकडे माणसे अमाप आहेत, पण कारखाने अगदी तुटपुंजे, आणि वर साम्राज्याची बंधने. शस्त्रांचा हिशेब न येणाऱ्याच्या हातात ती अमाप माणसे रिकाम्या हातांनी उभी राहतात. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सेना सुमारे २५ लाखांपर्यंत वाढली, पण ती सज्ज करायला शस्त्रे बाहेरून यावी लागली. खेळातही ब्रिटनची मदत, स्वतःचे मोजके कारखाने आणि भरती यांचा मेळ घालत राहावे लागते. मार्च १९४२ मध्ये रंगून पडल्यानंतर जी आघाडी उभी राहते ती जंगलाची आणि डोंगरांची. १९४४ मध्ये जपानच्या पंधराव्या सैन्याने इंफाळवर चाल केली ती जेमतेम तीन आठवड्यांची शिदोरी घेऊन, इंफाळचे ब्रिटिश साठे हाती लागतील या भरवशावर. ते साठे हाती लागले नाहीत आणि ते सैन्य माघार घेताना उपासमारीने व रोगराईने खचले. राज खेळताना बचावाचा सर्वांत चांगला मार्ग हाच आहे: इंफाळ आणि कोहिमा इथली ठाणी घट्ट धरावीत, मागची आसामची रेल्वे आधीच सुधारून ठेवावी आणि जपानी फौजेला तिच्या रसदीपासून जितके दूर येऊ देता येईल तितके येऊ द्यावे. प्रतिहल्ला त्यानंतर करावा.

डीएलसींबाबत माझे मत स्पष्ट आहे. इटलीचा एक डाव मूळ खेळावर पुरा होईपर्यंत काहीही घेऊ नये. रसदीची नवी व्यवस्था विनामूल्य असल्याने शिकण्यात काहीच उणे राहत नाही. त्यानंतर पहिली 'नो स्टेप बॅक' घ्यावी, कारण तिच्यात रणगाडे स्वतः घडवता येतात आणि सोव्हिएत संघ व पोलंड यांना नवे मार्ग मिळतात. 'बाय ब्लड अलोन' मध्ये विमाने घडवण्याची सोय आणि इटली व इथिओपिया यांचा विस्तार आहे, 'मॅन द गन्स' मध्ये जहाजे घडवण्याची. आरमाराकडे वळाल तेव्हा ती घ्यावी. २०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या 'ग्रेव्हयार्ड ऑफ एम्पायर्स' मध्ये ब्रिटिश राजचा नव्याने केलेला विस्तार आहे, पण राजचा एक डाव तिच्याशिवाय खेळून पाहावा आणि मगच ठरवावे. आपल्याकडे १९४१ चा तो जुना सेव्ह अजून असेल, तर तो उघडून रसदीचा नकाशा लावा, बर्लिनपासून स्मोलेन्स्कपर्यंत रुळांच्या पातळ्या एकेक करून पाहा आणि कोठारातल्या आगगाड्यांचा व ट्रकचा आकडा वाचा. त्यात काय दिसले ते कळवल्यास पुढचे अधिक नेमकेपणाने सांगता येईल.